आधी उत्तर लिहावे, मग प्रोग्रॅम चालवावा

प्रोग्रॅमिंगशी पूर्वी कसलाही संबंध नसताना मी पायथन ही भाषा अगदी मुळापासून शिकायला घेतली. आता लहान प्रोग्रॅम स्वतःच्या बळावर लिहिता येतात, आणि इथपर्यंत येण्यात एका सवयीचा वाटा बाकी सर्व गोष्टींपेक्षा मोठा आहे, असे मला ठामपणे वाटते. ती सवय अशी, की कोणताही प्रोग्रॅम चालवण्याआधी तो पडद्यावर काय दाखवील हे कागदावर लिहून ठेवायचे आणि मगच तो चालवायचा. मनातल्या मनात अंदाज करून भागत नाही. लिहावेच लागते, कारण उत्तर समोर आले की ‘मला हेच अपेक्षित होते’ असे आपण सहज मानून टाकतो. कागदावरचे आणि पडद्यावरचे उत्तर जुळले तर पुढे जायचे. जुळले नाही तर नवीन काहीही हाती न घेता त्याच ओळीपाशी थांबायचे आणि फरक का पडला हे कळेपर्यंत तिथून हलायचे नाही.

या सवयीला मी इतके महत्त्व देतो, त्याला कारण आहे. पहिली भाषा शिकणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी आत्मसात कराव्या लागतात. एक म्हणजे भाषेचे लेखन, म्हणजे कंस कुठे येतो, अपूर्णविराम कुठे येतो, ओळ किती आत सरकवायची वगैरे. दुसरी म्हणजे ते लिहिलेले कोणत्या क्रमाने आणि कसे अमलात येते, याचे मनातले चित्र. पहिली गोष्ट पुस्तकात दिसते, व्हिडिओत दिसते, आणि ती चुकली तर संगणक तत्काळ तसे सांगतो. दुसरी गोष्ट कुठेच दिसत नाही, आणि ती चुकली तरी प्रोग्रॅम अनेकदा निमूटपणे चालतो आणि भलतेच उत्तर देतो. बेनेडिक्ट डू बूले, टिम ओशे आणि जॉन मंक या संशोधकांनी १९८१ मध्ये या चित्राला ‘नोशनल मशीन’ असे म्हटले. प्रोसेसर, मेमरी, विजेचे संकेत हे सगळे नवशिक्याला कळण्याची गरज नसते. त्या भाषेच्या नियमांप्रमाणे चालणारे एक सोपे, कल्पित यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर असावे लागते. कागदावर लिहिलेला अंदाज म्हणजे त्या कल्पित यंत्राची परीक्षा असते, आणि अंदाज जिथे फसतो तिथे यंत्राचा नेमका कोणता भाग आपण चुकीचा जोडला आहे ते कळते.

कोणती भाषा निवडावी, यावर नवशिके फार काळ घालवतात. माझ्या मते तो प्रश्न लवकर मिटवावा. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथन मी निवडली, ती लेखन तुलनेने कमी आणि सरळ असल्यामुळे. जावास्क्रिप्ट घेतली असती तरी पुढे लिहिलेल्यापैकी बहुतेक गोष्टी तशाच राहिल्या असत्या. मात्र जुनी पुस्तके वापरणाऱ्याने एक पाहावे: पायथन ३ ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, पायथन २ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली, आणि त्या जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली बरीच उदाहरणे आज जशीच्या तशी चालत नाहीत. या लेखात पायथनचे शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टंकताना ते अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतात.

सुरुवात व्हेरिएबलपासून, म्हणजे मूल्याला दिलेल्या नावापासून, होते, आणि पहिला अडथळाही तिथेच असतो. ‘अ = अ + १’ ही ओळ शाळेतले बीजगणित शिकलेल्या माणसाला अशक्य वाटते, कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी असू शकत नाही. बरोबरीचे हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये गणितात आणले, ते दोन बाजू समान आहेत हे सांगण्यासाठी. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेने तेच चिन्ह एका आज्ञेसाठी वापरले: उजवीकडचे मूल्य काढा आणि डावीकडच्या नावाला द्या. अल्गोल भाषेने हा घोळ टाळण्यासाठी चिन्हाआधी अपूर्णविराम जोडला होता, आणि तो मार्ग मला अधिक चांगला वाटतो. पण सी भाषेने एकेरी चिन्ह आज्ञेसाठी आणि दुहेरी चिन्ह तुलनेसाठी ठेवले, आणि पायथननेही तेच स्वीकारले. एकदा ही ओळ आज्ञा म्हणून वाचता आली, की तिच्यात काळ आहे हे लक्षात येते: आधी उजवी बाजू, नंतर डावी. मग कागदावर तक्ता मांडता येतो. डावीकडे ओळीचा क्रमांक, वर व्हेरिएबलांची नावे, आणि प्रत्येक ओळीनंतर कोणत्या नावाचे मूल्य काय झाले ते लिहीत खाली जायचे. ‘अ = ३’, ‘ब = अ’, ‘अ = ७’ या तीन ओळींनंतर ब किती, असा प्रश्न अगदी नवीन माणसाला विचारून पाहावा. सात असे उत्तर देणारे बरेच जण असतात, कारण ‘ब म्हणजे अ’ असे एक कायमचे नाते दुसऱ्या ओळीने जोडले, अशी त्यांची समजूत असते. तक्ता मांडला तर ब च्या रकान्यात तीन लिहिलेले असते आणि तिसऱ्या ओळीने त्या रकान्याला हातही लावलेला नसतो.

हा तक्ता संख्यांसाठी उत्तम चालतो, आणि मग लिस्ट, म्हणजे अनेक मूल्यांची क्रमवार यादी, येते तेव्हा तो अपुरा पडतो. माझ्या संपूर्ण अभ्यासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा होता, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. समजा अ ही १, २, ३ या संख्यांची लिस्ट आहे. पुढच्या ओळीत ‘ब = अ’ असे लिहिले, आणि त्यानंतर अपेंड वापरून अ च्या शेवटी ४ जोडला. आता ब छापला तर काय दिसेल? वरच्या तीन ओळींचा धडा नुकताच शिकलेला माणूस आत्मविश्वासाने १, २, ३ असे लिहील. पडद्यावर येते १, २, ३, ४. एका ठिकाणी ब बदलला नाही, दुसऱ्या ठिकाणी बदलला. वरवर पाहता भाषा दोन ठिकाणी दोन नियम लावते असे वाटते. वस्तुतः नियम एकच आहे आणि आपला तक्ताच चुकीच्या गृहीतकावर उभा असतो. पायथनमध्ये नावाच्या आत मूल्य साठवलेले नसते. नाव हे केवळ एका वस्तूकडे निर्देश करते. ‘ब = अ’ या ओळीने लिस्टची प्रत तयार होत नाही, तर त्याच एका लिस्टला दुसरे नाव मिळते. ‘अ = ७’ ही ओळ अ ला नव्या वस्तूकडे वळवते, म्हणून ब जिथे होता तिथेच राहतो. अपेंड मात्र नाव कुठेही वळवत नाही; ते त्या वस्तूच्या आतच बदल करते, आणि मग ती वस्तू कोणत्याही नावाने पाहिली तरी बदललेलीच दिसते.

हे कळल्यावर मी रकान्यांचा तक्ता सोडला आणि कागदावर डाव्या बाजूला नावे, उजव्या बाजूला वस्तू आणि मध्ये बाण अशी आकृती काढू लागलो. त्या आकृतीत संख्यांचे उदाहरणही बसते आणि लिस्टचेही. दोन व्हेरिएबलांची मूल्ये एकमेकांत बदलणारी ‘अ, ब = ब, अ’ ही ओळ का चालते, हेही तिथेच स्पष्ट होते: उजवीकडच्या दोन्ही वस्तू आधी शोधल्या जातात आणि मगच दोन्ही बाण हलतात. फंक्शनला, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या कोडच्या तुकड्याला, लिस्ट दिली आणि फंक्शनने तिच्यात आत बदल केला, तर बाहेरची लिस्ट का बदलते, याचे उत्तरही वेगळे शिकावे लागत नाही. स्वतंत्र प्रत हवी असेल तर कॉपी वापरून ती मुद्दाम मागावी लागते. अशा आकृत्या आपोआप काढून दाखवणारे ‘पायथन ट्यूटर’ नावाचे विनामूल्य साधन इंटरनेटवर आहे, आणि ते मी आवर्जून सुचवतो. मात्र आधी स्वतःच्या हाताने बाण काढावेत आणि मग त्याच्याशी ताडून पाहावेत. उलट क्रमाने केले तर आकृती पटते, पण आपली होत नाही.

मूल्यांच्या प्रकारांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटतो, तरी अंदाज लिहिण्याची सवय इथेही उपयोगी पडते. इनपुट हे फंक्शन वापरणाऱ्याने काहीही टंकले तरी नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच, परत देते, म्हणून दोन वेळा विचारून २ आणि ३ घेतले आणि त्यांची बेरीज केली तर ५ येत नाही, २३ येते. आणि स्ट्रिंग असलेल्या त्या २ ला तीनने गुणले तर २२२ येते. भागाकारातही अशीच सूक्ष्म वळणे आहेत. एकेरी तिरप्या रेघेने ४ ला २ ने भागले तर उत्तर २ नव्हे तर २.० असते, कारण तो भागाकार नेहमी दशांश प्रकारची संख्या देतो. दुहेरी तिरप्या रेघेने ७ ला २ ने भागले तर ३ मिळतात, पण उणे ७ ला २ ने भागले तर उणे ३ नव्हे, उणे ४ मिळतात; उत्तर शून्याकडे न ओढता खालच्या पूर्णांकाकडे नेले जाते. सी भाषेत हेच उत्तर उणे ३ येते. राउंड हे फंक्शन २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४, कारण बरोबर मधोमध असलेली संख्या ते जवळच्या सम पूर्णांकाकडे वळवते. ही माहिती पाठ करण्यासाठी मी सांगत नाही. यातले प्रत्येक उत्तर आधी कागदावर लिहून पाहिले, तर आपण अजाणता किती गोष्टी गृहीत धरतो हे कळते.

लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींमध्ये, हीच गृहीतके अधिक नुकसान करतात. रेंज(१, ५) म्हणजे १ ते ४. पाच त्यात येत नाही. लिस्टमधला पहिला घटक शून्य क्रमांकाचा असतो. सुरुवातीला या दोन्ही गोष्टी विनाकारण क्लिष्ट केल्यासारख्या वाटतात, आणि ‘असेच असते, लक्षात ठेवा’ एवढेच सांगून बहुतेक धडे पुढे जातात. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायकस्ट्रा यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या टिपणात याची कारणे फार स्वच्छपणे मांडलेली आहेत. सुरुवातीची संख्या धरली आणि शेवटची वगळली, तर शेवटातून सुरुवात वजा केली की घटकांची संख्या थेट मिळते. रेंज(२, ८) मध्ये नेमके सहा घटक असतात. शिवाय एक भाग जिथे संपतो त्याच आकड्यापासून दुसरा भाग सुरू होतो, म्हणून एका लिस्टचे तुकडे करताना कुठेही एकची बेरीज किंवा वजाबाकी करावी लागत नाही. कारण कळल्यानंतर हा नियम मला कधी आठवावा लागला नाही, आणि म्हणूनच नवशिक्याला नियमांबरोबर कारणे सांगितली पाहिजेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

लूपचे आणखी एक उदाहरण मी प्रत्येक नव्या शिकणाऱ्याला करून पाहायला सांगतो. २, ४, ६, ७ अशी लिस्ट घ्यावी, तिच्यावर फॉर लूप चालवावा, आणि जी संख्या सम असेल ती रिमूव्ह वापरून त्याच लिस्टमधून काढून टाकावी. शेवटी काय उरेल? स्वाभाविक उत्तर आहे, फक्त ७. प्रत्यक्षात ४ आणि ७ उरतात. कागदावर पावलापावलाने चालले तर कारण सापडते: पहिल्या फेरीत शून्य क्रमांकावरचा २ निघून जातो आणि उरलेले घटक एकेक जागा पुढे सरकतात, त्यामुळे ४ आता शून्य क्रमांकावर आलेला असतो, पण लूप तर पुढच्या, म्हणजे एक क्रमांकाच्या जागेकडे गेलेला असतो आणि तिथे ६ असतो. ४ कधी तपासलाच जात नाही. या प्रोग्रॅममध्ये कोणताही एरर, म्हणजे चूक दाखवणारा संदेश, येत नाही. त्याच लिस्टमध्ये सगळ्या विषम संख्या असत्या तर उत्तरही बरोबर आले असते, आणि प्रोग्रॅममधला दोष तसाच दडून राहिला असता.

फंक्शनच्या बाबतीत नवशिक्यांची अडचण बहुधा एकाच जागी असते, ती म्हणजे प्रिंट आणि रिटर्न यांतला फरक. बेरीज करून ती प्रिंट करणारे फंक्शन आणि बेरीज करून ती रिटर्न करणारे फंक्शन, ही दोन्ही पडद्यावर पाहिली तर सारखीच वाटू शकतात. पण पहिल्या फंक्शनचे उत्तर एखाद्या व्हेरिएबलला दिले आणि त्याची दुप्पट करायला घेतली, की ‘काहीच नाही’ या अर्थाचे नन नावाचे मूल्य समोर येते आणि टाइपएरर, म्हणजे प्रकार जुळत नसल्याचा एरर, मिळतो. प्रिंट हे माणसाला दाखवण्यासाठी असते. रिटर्न हे प्रोग्रॅमच्या बाकीच्या भागाला उत्तर देण्यासाठी असते. पायथनच्या परस्परसंवादी खिडकीत रिटर्न झालेले मूल्य आपोआप छापले जाते, त्यामुळे हा फरक तिथे आणखी पुसट होतो. म्हणून फंक्शन शिकताना ती खिडकी काही काळ बाजूला ठेवून फाइलमध्येच लिहावे, हे बरे.

एररच्या संदेशांविषयी मला विशेष आस्था आहे, कारण तेच वाचायला शिकल्यानंतर माझी भीती गेली. लाल अक्षरांतल्या त्या दहा-बारा ओळी दिसल्या की नवशिका त्या न वाचताच कोडमध्ये इकडेतिकडे बदल करू लागतो. हा संदेश, म्हणजे ट्रेसबॅक, खालून वर वाचावा. सर्वांत शेवटच्या ओळीत एररचा प्रकार आणि कारण असते, तिच्या वर कोडची ओळ असते, आणि त्याच्याही वर कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी असते. नेमएरर म्हणजे न दिलेले किंवा चुकीचे टंकलेले नाव. इंडेक्सएरर म्हणजे लिस्टमध्ये नसलेला क्रमांक. व्हॅल्यूएरर म्हणजे प्रकार योग्य पण मूल्य अयोग्य, उदाहरणार्थ ‘पाच’ या शब्दाचा पूर्णांक करण्याचा प्रयत्न. एक अपवाद ध्यानात ठेवावा: कंस बंद करायचा राहिला असेल तर जुन्या आवृत्त्या दोष पुढच्या निर्दोष ओळीवर दाखवत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून उघडा राहिलेला कंस नेमका कुठला ते सांगितले जाते, आणि ३.११ पासून ओळीतल्या नेमक्या कोणत्या भागात गडबड झाली तेही खुणेने दाखवले जाते. नवशिक्याने शक्य तितकी नवी आवृत्ती वापरावी, यामागे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे. केंब्रिजला १९४९ मध्ये एडसॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हा तो बांधणाऱ्या मॉरिस विल्क्स यांच्या लक्षात आले होते, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. चुका सापडणे हा या कामाचा नेहमीचा भाग आहे, नवखेपणाचे लक्षण नव्हे.

मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाला पायथनमध्ये एक स्वतंत्र अभ्यासविषय मिळतो, आणि तो मला फार आवडला. ‘मराठी’ या शब्दाची लांबी लेन या फंक्शनने मोजली तर किती येईल? डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. उत्तर पाच येते. सर्व लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत म, र, आकाराचा काना, ठ आणि दीर्घ वेलांटी हे पाच स्वतंत्र संकेत आहेत, आणि पायथनची स्ट्रिंग संकेत मोजते, अक्षरे नव्हे. ‘क्ष’ हे एक जोडाक्षर तीन संकेतांचे असते: क, हलन्त, ष. ‘मराठी’ हा शब्द उलटा करायला गेलो तर दीर्घ वेलांटी अधांतरी सुरुवातीला येते आणि काना ठ ला जाऊन चिकटतो. स्ट्रिंग फक्त अक्षरांची बनली आहे का हे सांगणारे इजअल्फा ‘मराठी’ या शब्दाला नकारार्थी उत्तर देते, कारण युनिकोडच्या वर्गीकरणात काना आणि वेलांटी ही अक्षरे नसून चिन्हे आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ कधी एकाच संकेताने लिहिलेला असतो, कधी र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन संकेतांनी. दिसायला दोन्ही सारखेच, पण तुलना केली तर असमान. युनिकोडडेटा या मॉड्यूलमधल्या, म्हणजे तयार कोडच्या संचातल्या, नॉर्मलाइझने दोन्ही रूपे एकसारखी करून घेतल्याशिवाय मराठी मजकुरातले शब्द विश्वासाने मोजता येत नाहीत. देवनागरी अंकांचेही असेच आहे: ‘१२३’ ही स्ट्रिंग इंट या फंक्शनला दिली तर ते व्यवस्थित एकशे तेवीस हा पूर्णांक देतो, पण कोडमध्ये थेट देवनागरी अंकांनी संख्या लिहिली तर ती स्वीकारली जात नाही. व्हेरिएबलचे नाव मात्र देवनागरीत ठेवता येते. ‘वय’ किंवा ‘बेरीज’ ही नावे पायथन ३ मध्ये चालतात. सुरुवातीच्या काळात मी तशी नावे मुद्दाम ठेवत असे, आणि त्यामुळे भाषेचे राखीव शब्द कोणते आणि आपण ठेवलेली नावे कोणती, हे एका दृष्टिक्षेपात वेगळे दिसत असे. इतरांबरोबर काम करताना रोमन नावेच सोयीची ठरतात, पण शिकताना हा उपाय जरूर करून पाहावा.

०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, हे सर्वत्र सांगितले जाते, म्हणून थोडक्यात लिहितो. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही, जशी एक तृतीयांश ही संख्या दशमान पद्धतीत संपत नाही. संगणक ती ५३ बिटांच्या (० किंवा १ अशा अंकांच्या) अचूकतेवर थांबवतो, आणि तो उरलेला सूक्ष्म फरक बेरजेत दिसतो. दोन दशांश संख्या समान आहेत का, हे बरोबरीच्या दुहेरी चिन्हाने तपासू नये, पैशांचा हिशेब पूर्णांकांत किंवा डेसिमल या मॉड्यूलने करावा, एवढे नवशिक्याला पुरेसे आहे.

इथपर्यंतचे सगळे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम समजण्याविषयी झाले. रिकाम्या फाइलसमोर बसल्यावर अडचण वेगळीच असते: फॉर येतो, इफ येतो, फंक्शन येते, आणि तरीही पहिली ओळ सुचत नाही. यावर मला लाभलेला उपाय असा, की आधी काम स्वतः हाताने करावे आणि ते करताना आपण काय लक्षात ठेवतो याकडे बारकाईने पाहावे. लिस्टमधली सर्वांत मोठी संख्या शोधायची असेल, तर डोळे एकेका संख्येवरून फिरतात आणि मनात ‘आतापर्यंतची मोठी’ अशी एकच संख्या धरलेली असते. हीच व्हेरिएबल, हाच लूप, हीच तुलना. मग प्रश्न येतो, की सुरुवातीला मनात कोणती संख्या होती? बहुतेक जण शून्य लिहितात. उणे ५, उणे २, उणे ९ या लिस्टवर तो प्रोग्रॅम शून्य असे उत्तर देतो, जी संख्या लिस्टमध्ये नाहीच. म्हणून सुरुवात लिस्टच्या पहिल्या घटकापासून करावी. पण लिस्ट रिकामी असेल तर पहिला घटकच नसतो आणि इंडेक्सएरर येतो; पायथनचे स्वतःचे मॅक्स हे फंक्शनही रिकाम्या लिस्टवर व्हॅल्यूएरर देते, कारण तिथे खरोखरच उत्तर अस्तित्वात नाही. पाच ओळींच्या प्रोग्रॅममध्ये असे दोन निर्णय दडलेले असतात. रिकामी लिस्ट, एकच घटक, सगळे समान, सगळे उणे, अशा टोकाच्या उदाहरणांचे अपेक्षित उत्तर कोड लिहिण्याआधीच कागदावर मांडले, तर हे निर्णय आपण जाणीवपूर्वक घेतो.

कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज सर्वांच्या हाताशी आहेत, आणि ती वापरू नयेत असे मी म्हणणार नाही. ती वापरण्याचा क्रम मात्र मला महत्त्वाचा वाटतो. ‘हा प्रोग्रॅम लिहून दे’ असे विचारले तर तयार उत्तर मिळते आणि ते पटतेही. पण पटणे आणि येणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर रिकाम्या फाइलसमोरच कळते. त्याऐवजी आपला प्रोग्रॅम, आपण लिहिलेला अंदाज आणि प्रत्यक्ष आलेले उत्तर, या तिन्ही गोष्टी देऊन ‘माझ्या समजुतीत कुठे चूक आहे, ते कोड न देता सांग’ असे विचारले, तर त्याच साधनाचा उपयोग चांगल्या शिक्षकासारखा होतो. मिळालेले स्पष्टीकरणही पुन्हा प्रोग्रॅम चालवून पडताळावे लागते, कारण ते नेहमी बरोबर असतेच असे नाही.

सध्या मी रिकर्शन शिकत आहे, म्हणजे स्वतःलाच बोलावणारी फंक्शन. इथे बाणांच्या आकृतीलाही एक जोड द्यावी लागते. क्रमगुणित (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व पूर्णांकांचा गुणाकार) काढणाऱ्या फंक्शनला ४ दिला, की ते ३ साठी स्वतःला बोलावते, मग २ साठी, मग १ साठी. आणि या प्रत्येक कॉलची, म्हणजे बोलावण्याची, ‘न’ ही व्हेरिएबल वेगळी असते, नाव एकच असले तरी. म्हणून कागदावर प्रत्येक कॉलसाठी नवी चौकट काढायची, ती आधीच्या चौकटीवर ठेवायची, आणि सर्वांत वरच्या चौकटीतून १ हे उत्तर मिळाले की एकेक चौकट खोडत खाली यायचे: १, २, ६, २४. थांबण्याची अट लिहायची राहिली तर चौकटी वाढतच जातात, आणि पायथन सर्वसाधारणपणे हजाराच्या मर्यादेवर रिकर्शनएरर देऊन काम थांबवतो. क्रमगुणित समजल्यावर मी लिस्टच्या आत लिस्ट असलेले उदाहरण घेतले: पहिला घटक १, दुसरा घटक २ आणि ३ यांची लिस्ट, तिसरा घटक म्हणजे ४ आणि फक्त ५ असलेली आणखी एक लिस्ट, या दोहोंची लिस्ट. सर्व संख्यांची बेरीज करणारे फंक्शन प्रत्येक घटक पाहते. तो संख्या असेल तर बेरजेत मिळवते, लिस्ट असेल तर तिच्यासाठी स्वतःला बोलावते. बेरीज १५ येते आणि कॉल चार होतात, प्रत्येक लिस्टसाठी एक. या फंक्शनमध्ये थांबण्याची अट वेगळ्या ओळीत कुठेच लिहिलेली नाही, आणि हे समजायला मला बराच वेळ द्यावा लागला: ज्या लिस्टच्या आत आणखी लिस्ट नाही, तिथे लूप संख्यांवरून फिरून संपतो, नवा कॉल होतच नाही, आणि चौकटी खोडण्याचे काम तिथूनच सुरू होते.